इंग्रजी पीडीएफ व वर्ड दस्तऐवज मराठीत आणण्यासाठी मोफत साधने : मांडणी आणि अर्थ दोन्ही कसे सांभाळावेत?

औसा_दफ्तर (प्रश्न)

नमस्कार. औसा तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने सोयाबीन व तूर यांची स्वच्छता आणि प्रतवारी करणारे छोटे युनिट यंदा उभे केले असून कंपनीचे दफ्तर व पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. युनिटसोबत आलेली यंत्राची माहितीपुस्तिका, गोदामाचा करारनामा आणि बँकेचे कर्जमंजुरीपत्र ही तिन्ही कागदपत्रे इंग्रजीत आहेत. संचालक मंडळातील बहुतेकांना ती मराठीत वाचायची आहेत, आणि यंत्रावर काम करणाऱ्या मुलांच्या हाताशी निदान देखभालीचा भाग तरी मराठीत असणे गरजेचे आहे. उलट दिशेनेही एक काम आहे : सर्वसाधारण सभेचे जुने ठराव मराठीत टंकलेले असून त्यांचा इंग्रजी अनुवाद आमच्या सीएंनी मागितला आहे.

एका मोफत अनुवाद संकेतस्थळावर हे करून पाहिले तेव्हा तीन निरनिराळ्या अडचणी आल्या. पुस्तिकेच्या पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवला असता वाक्ये अर्धवट तुटलेली आणि बहुतांशी अर्थहीन आली, व तक्त्यांतील आकडे एकाखाली एक घसरत गेले. मंजुरीपत्र स्कॅन केलेले असल्यामुळे त्यातील काहीच उचलता येत नाही. ठरावांची फाइल पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसते, परंतु अनुवादासाठी तिच्यातील मजकूर चिकटवताच तेथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते.

कार्यालयात चार जीबी स्मृतीचा विंडोज संगणक आहे, इंटरनेट बेताचे आहे आणि या कामासाठी वेगळा खर्च मंजूर नाही. कोणते साधन वापरावे, कामाचा क्रम काय ठेवावा आणि यंत्राने केलेल्या अनुवादावर कोठपर्यंत विसंबावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

परभणी_अक्षरजुळणी

आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ अनुवादाच्या साधनात नसून फाइलमध्ये आहे, त्यामुळे साधन बदलून फारसा फरक पडणार नाही. अक्षरजुळणीच्या कामात अशा फाइली रोज हाताखालून जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम पीडीएफ उघडून एखाद्या ओळीवरून माऊस ओढून पाहावा. शब्द निवडले गेले तर आत खरा मजकूर आहे. सबंध पान एकाच चित्रासारखे निवडले गेले किंवा काहीच निवडले गेले नाही तर ते स्कॅन आहे. मजकूर असेल तर त्यातील एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. आपल्या पुस्तिकेच्या बाबतीत प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी ओळ तुटलेली दिसेल, आणि सगळा घोळ तेथेच आहे. पीडीएफमध्ये परिच्छेद असा काही नसतो. कोणते अक्षर पानावर कोठे बसवायचे एवढेच त्यात नोंदलेले असते. चिकटवताना प्रत्येक ओळ सुटी होते आणि अनुवादक यंत्र तिला स्वतंत्र वाक्य समजते. इंग्रजी वाक्यातील क्रियापद बहुधा कर्त्याच्या मागोमाग, म्हणजे पहिल्याच ओळीत येऊन जाते, मराठीत मात्र ते शेवटी न्यावे लागते. ज्या यंत्राला वाक्याचा शेवटच दिसत नाही ते क्रियापद नेणार कोठे? म्हणून अनुवादापूर्वी ओळी जोडून घेणे हे या कामातील सर्वांत मोलाचे पाऊल आहे.

ते असे करावे. पीडीएफ थेट वर्डमध्ये उघडावी; 2013 व त्यानंतरच्या आवृत्त्यांत ही सोय आहे, आणि वर्ड नसल्यास गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडता येते. त्यानंतर परिच्छेदखुणा दाखवणारे बटण दाबून अनावश्यक तुटी शोधाव्यात. 'फाइंड अँड रिप्लेस'मधील 'स्पेशल' यादीतून 'पॅराग्राफ मार्क' निवडता येतो. आधी जेथे दोन खुणा लागोपाठ आहेत, म्हणजे जेथे खरा परिच्छेद संपतो, तेथे एखादे अनोळखी चिन्ह घालून ठेवावे, मग उरलेल्या एकेरी खुणांच्या जागी एक मोकळी जागा घालावी आणि शेवटी त्या अनोळखी चिन्हाचे पुन्हा परिच्छेदखुणेत रूपांतर करावे. तक्ते या झाडाझडतीतून वगळावेत. पुरवठादाराकडे मूळ वर्ड फाइल मागितली आणि ती मिळाली, तर हा सारा उपद्व्याप टळतो. मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

फाइल स्वच्छ झाली की मजकूर पेटीत चिकटवू नये, कारण तेथे एका वेळी 5000 अक्षरांचीच मर्यादा आहे आणि मांडणीही हरवते. गूगल ट्रान्सलेटच्या संकेतस्थळावर दस्तऐवज चढवण्याचा वेगळा विभाग आहे. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि पीडीएफ हे प्रकार तेथे चालतात, फाइल 10 एमबीपेक्षा मोठी नसावी आणि पीडीएफ 300 पानांच्या आत असावी. मजकूर असलेली पीडीएफ तशीच देता येते, परंतु स्वच्छ केलेली वर्ड फाइल दिल्यास तक्त्यांच्या चौकटी जास्त शाबूत राहतात, हा माझा कायमचा अनुभव आहे.

मंजुरीपत्रासाठी प्रथम अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, करावी लागेल. गूगल ड्राइव्हवरील फाइलवर उजवी कळ दाबून ती गूगल डॉक्सने उघडली की चित्रातील अक्षरे मजकुरात येतात. त्यासाठी फाइल 2 एमबीच्या आत असावी आणि पान सरळ असावे. इंटरनेटवर न चढवता हे करायचे असेल तर टेसरॅक्ट हे मोफत व मुक्त स्रोत ओसीआर आहे. ते मूळचे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाले आणि 2005 मध्ये खुले करण्यात आले. इंग्रजी व मराठी दोन्हींच्या भाषाफाइली त्याला मिळतात. आदेश टंकण्याची सवय नसेल तर त्यावरच चालणारे 'नॅप्स-2' हे स्कॅनिंगचे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर बसवावे. स्कॅन 300 डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके या स्पष्टतेवर, करावे. फोनने तिरपा फोटो काढून त्याची पीडीएफ केली की निम्मे आकडे चुकतात.

आता ठराव. ते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले आहेत हे उघड आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संकेत देणारी सर्वमान्य पद्धत. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी आत इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचेच संकेत असतात, केवळ त्यांचे चित्र देवनागरी असते. अनुवादक यंत्र चित्र पाहत नाही, संकेत वाचते. म्हणून त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा. असे मोफत परिवर्तक आंतरजालावर मिळतात, मात्र एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही, तेव्हा वर्डमध्ये फॉन्टचे नेमके नाव पाहून घ्यावे. रूपांतर झाल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. 'सर्वानुमते', 'कार्यवृत्त', 'निर्णय', 'स्वीकृत' असे शब्द ठरावात हमखास असतात आणि परिवर्तकही नेमका तेथेच अडखळतो.

जालना_फिटर

वरील उत्तर योग्यच आहे, परंतु यंत्राची सबंध पुस्तिका अनुवादित करण्याची खरोखर गरज आहे काय, याचा आधी विचार व्हावा असे मला वाटते. अशा पुस्तिकेत हमीच्या अटी, सुट्या भागांच्या क्रमांकांच्या याद्या आणि उभारणीच्या सूचना यांनीच बरीच पाने भरलेली असतात. चालवणाऱ्याला लागतात ती वंगण, पट्ट्यांचा ताण, चाळण्या बदलणे, सुरक्षिततेचे इशारे आणि बिघाड-उपाय यांची मोजकी पाने. तेवढीच नीट करावीत. बाकीच्या पानांसाठी फोनवरील गूगल ट्रान्सलेट कॅमेऱ्याने पानावर धरले तरी वेळ भागते. मराठीचा भाषासंच फोनवर उतरवून ठेवला तर इंटरनेट नसतानाही टंकलेल्या मजकुराचा अनुवाद होतो.

एक दक्षता मात्र घ्यावी. पुस्तिकेतील एक-दोन शब्दांच्या शीर्षकांना संदर्भ नसतो, त्यामुळे अनुवादक यंत्र तेथे रोजच्या व्यवहारातील अर्थ घेते. 'स्क्रीन' म्हणजे चाळणी असताना पडदा, 'फीड' म्हणजे हॉपरमधून माल सोडणे असताना खाद्य किंवा चारा, असे प्रकार होतात. तयार झालेली पाने यंत्रापाशी नेऊन मुलांना मोठ्याने वाचायला लावावीत आणि प्रत्येक सूचनेला तो तो भाग हाताने दाखवायला सांगावे. जेथे हात थबकेल ते वाक्य पुन्हा लिहावे. 'बेअरिंग', 'ग्रीस', 'पुली', 'बेल्ट' हे शब्द तसेच ठेवावेत. त्यांना शुद्ध मराठी प्रतिशब्द दिल्यास कोणालाच कळणार नाही.

अंबाजोगाई_वकिली

गोदामाचा करारनामा आणि मंजुरीपत्र यांबाबत स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण पुस्तिकेतील चूक यंत्रापाशी लगेच उघडी पडते, करारातील चूक मात्र वाद उद्भवल्यावरच कळते.

अनुवादक यंत्राने केलेला अनुवाद संचालकांना वाचण्यापुरता ठेवावा. त्याच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'केवळ माहितीसाठी. मूळ इंग्रजी दस्तऐवज प्रमाण' असे नमूद करावे आणि सही मूळ इंग्रजी प्रतीवरच करावी. न्यायव्यवस्थेतही हीच पद्धत आहे : सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये निकालांच्या अनुवादासाठी 'सुवास' हे सॉफ्टवेअर आणले, तरी त्यातून आलेला मजकूर भाषांतरकारांकडून तपासून घेतला जातो.

तपासताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच लक्षाने वाचण्यात शक्ती घालवू नये. धोका ठरावीक जागी असतो. पहिली जागा नकाराची. इंग्रजी करारात एकाच वाक्यात नकार, अपवाद आणि अपवादाला पुन्हा अट अशी उतरंड असते, आणि अनुवादात त्यांतील एखादा नकार गळून पडला तरी मराठी वाक्य वाचायला अगदी सुरळीत वाटते. आपल्या करारात सोयाबीनच्या ओलाव्याचे कलम असणारच. ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा माल स्वीकारला जाणार नाही, परंतु माल ठेवणाऱ्याने स्वखर्चाने वाळवून दिल्यास स्वीकारला जाईल, आणि तोपर्यंतच्या घटीची जबाबदारी गोदामाची नसेल, अशा रचनेचे कलम मी अनेक करारांत पाहिले आहे. त्यातील वाळवण्याचा खर्च कोणाचा आणि घट कोणाच्या माथी, हे दोन प्रश्न मराठी प्रत पाहून विचारावेत, उत्तरे इंग्रजी प्रतीत शोधावीत आणि दोन्ही जुळतात का ते पाहावे. याच कलमात माल ठेवणाऱ्यासाठी यंत्राने 'ठेवीदार' हा शब्द घातलेला असू शकतो. वाचणाऱ्याला तो बँकेतील ठेवीदार वाटतो, तेव्हा तो सर्वत्र बदलून घ्यावा.

दुसरी जागा बंधन आणि मुभा यांतील भेदाची. बँकेने 'करावयाचेच आहे' असे म्हटले आहे की 'करू शकेल' असे म्हटले आहे, यावर व्याजदर बदलण्याचा किंवा कर्ज परत मागण्याचा अधिकार ठरतो, आणि यंत्राच्या मराठीत दोन्हींसाठी 'करेल' एवढेच येण्याचा संभव असतो.

तिसरी जागा आकड्यांची. त्यासाठी छापखान्यातील जुनी रीतच उत्तम : एकाने मूळ प्रतीतील प्रत्येक आकडा, तारीख व टक्केवारी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने अनुवादात तिच्यावर खूण करावी. मंजुरीपत्र ओसीआरमधून आलेले असल्यामुळे तेथे 3 आणि 8, 1 आणि 7, तसेच दशांशचिन्ह यांवर विशेष नजर ठेवावी.

पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आंतरजालावर विनामूल्य पाहता येतात. अनेक केंद्रीय अधिनियमांचे प्राधिकृत मराठी पाठही उपलब्ध आहेत. करारात एखाद्या अधिनियमाचा उतारा जसाच्या तसा दिला असेल तर तेथे यंत्राचा अनुवाद न वापरता प्राधिकृत पाठातील शब्दच घ्यावेत.

आणखी एक. मंजुरीपत्रात संचालकांचे पत्ते, पॅन, खातेक्रमांक आणि जामीनदारांचा तपशील असतो. ते पत्र जसेच्या तसे परक्या संकेतस्थळावर चढवणे योग्य नाही. आधी प्रत काढून तीत नावांच्या जागी 'पक्ष क', 'पक्ष ख' असे घालावे, क्रमांक काढून टाकावेत आणि मग अनुवाद करावा. पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही, कारण पट्टीखालचा मजकूर बहुधा तसाच राहतो.

नांदेड_ओमेगाटी

आपल्याकडे अशी कागदपत्रे पुढेही येत राहणार, तेव्हा ओमेगाटी या मोफत सॉफ्टवेअरचा विचार करावा असे सुचवतो. ते स्वतः अनुवाद करत नाही. अनुवादकाच्या हाताशी राहते. वर्ड फाइल दिली की ते तिचे वाक्यागणिक तुकडे करते, एकेक वाक्य समोर ठेवते आणि आपण लिहिलेला अनुवाद स्मृतीत साठवते. तेच वाक्य पुढे आले तर अनुवाद आपोआप भरला जातो, साधारण तसेच वाक्य आले तर जुना अनुवाद बाजूला दाखवला जातो. 'यंत्र बंद करून वीजपुरवठा तोडल्याची खात्री करावी' यासारखी सूचना पुस्तिकेत पानोपानी असते. ती एकदाच नीट लिहावी लागते. काम संपल्यावर मूळ मांडणीतच मराठी वर्ड फाइल तयार होते. कंपनीचा शब्दसंग्रहही साध्या मजकूर-फाइलमध्ये जोडता येतो, म्हणजे 'चाळणी', 'माल ठेवणारा' हे शब्द एकदा ठरले की लिहिताना ते बाजूला दिसत राहतात. चार जीबीच्या संगणकावर ते सहज चालते आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

दोन मर्यादा आहेत. पीडीएफमधून ते केवळ मजकूर घेते, मांडणी नाही. तसेच जुन्या 'डॉक' प्रकारच्या फाइली आधी 'डॉक्स-एक्स' प्रकारात साठवून द्याव्या लागतात. वाक्याच्या मध्ये ठळक किंवा तिरपी अक्षरे असतील तर तेथे कोनी कंसातील खुणा दिसतात, त्या अनुवादात योग्य जागी ठेवल्या नाहीत तर तयार फाइलची मांडणी बिघडते, आणि पुसताना एखादी राहून गेली तर ती फाइल उघडतसुद्धा नाही. प्रथमच वापरणाऱ्याचा बराच वेळ याच खुणांत जातो. म्हणून पीडीएफमधून रूपांतरित झालेल्या फाइलमध्ये आधी फॉन्ट व आकार एकसारखे करून घ्यावेत, खुणा खूपच कमी होतात.

संभाजीनगर_संगणक

भारतीय भाषांसाठीच घडवलेल्या साधनांचाही उल्लेख व्हावा. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये 'भाषिणी' सुरू केले, एआयसीटीईचे, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे, 'अनुवादिनी' आहे, आणि आयआयटी मद्रासमधील 'एआयफॉरभारत' गटाने 2023 मध्ये 'इंडिकट्रान्स-2' हे अनुवादाचे प्रारूप (मॉडेल) 22 अनुसूचित भाषांसाठी मुक्त परवान्याखाली खुले केले. या शेवटच्याची लहान आवृत्ती स्वतःच्या संगणकावर चालवता येते, म्हणजे गोपनीय मजकूर बाहेर जात नाही. परंतु त्यासाठी प्रोग्रॅमिंगची ओळख हवी, आणि चार जीबीच्या संगणकावर त्याचा आग्रह धरू नये. एकच परिच्छेद दोन साधनांतून काढून शेजारी ठेवणे हा चांगला उपाय आहे : जेथे दोघांचा अर्थ वेगळा येतो तेथे मूळ वाक्य उघडून पाहावे.

औसा_दफ्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुरवठादाराने मूळ वर्ड फाइल पाठवण्याचे मान्य केले असून देखभालीचे प्रकरण ओमेगाटीमध्ये करण्याचे ठरवले आहे. मंजुरीपत्र येथेच टेसरॅक्टने वाचून, नावे व क्रमांक काढूनच पुढे नेऊ. दोन शंका उरल्या आहेत. ओमेगाटीतील स्मृती दुसऱ्या संगणकावर नेता येते काय? आणि काही सभासद निजामकाळातील उर्दू पाहणीपत्रकांचे फोटो घेऊन येतात व तेही याच रीतीने मराठीत होतील काय असे विचारतात, त्यांना काय सांगावे?

बीड_उर्दू

छापील, स्वच्छ उर्दू असेल तर गूगल डॉक्सची अक्षरओळख पुष्कळसा मजकूर काढून देते. हस्तलिखित पाहणीपत्रकाच्या बाबतीत मात्र नाही म्हणून सांगावे. त्या नोंदी घसरत्या शिकस्ता वळणाच्या असतात, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले असतात, आणि नावातील एका नुक्त्यावर माणूस बदलतो. 2023 पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हाही उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांनाच बसवावे लागले. जाणकाराकडून वाचन झाले की पुढील मराठी टिपण आपण संगणकावर करू शकता. साल मात्र फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचे, असते. त्यात 590 मिळवावेत, म्हणजे फसली 1358 हे 1948-49 होय. नोंद कचेरीत सादर करावयाची असल्यास प्रमाणित भाषांतरच घ्यावे.

नांदेड_ओमेगाटी

स्मृती नेता येते. ती टीएमएक्स प्रकारच्या साध्या फाइलमध्ये असते आणि अनुवादाची अन्य सॉफ्टवेअरही ती वाचतात. नवीन संगणकावर नवा प्रकल्प उघडून त्यातील 'टीएम' नावाच्या फोल्डरमध्ये ती ठेवावी, एवढे पुरे. मात्र यंत्राचा न तपासलेला अनुवाद आणि माणसाने तपासलेला अनुवाद एकाच स्मृतीत मिसळू देऊ नयेत. दोन वेगळे प्रकल्प ठेवावेत, अन्यथा पुढील पुस्तिकेत कच्चे वाक्यही तपासलेले समजून वापरले जाईल.